दिवाळीच्या सफाईत निघालेले बंद सीएफएल आणि एलईडी बल्ब: आतलं काय ठेवायचं, काय टाकायचं?

रामबागकर | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. आज माळा साफ करायला काढला. रंगाच्या जुन्या डब्यात बाबांनी ठेवलेले बल्ब सापडले. मोजले तर १४ सीएफएल, ७ एलईडी, ३ पिवळे बल्ब आणि पट्टीच्या ट्यूबलाइटचे दोन लोखंडी चोक. आई म्हणाली अटालेवाल्याला (भंगारवाल्याला) देऊन टाक. त्याने चोक लगेच उचलले, आत तांबं असतं म्हणून. बल्ब मात्र हातात घेऊन उलटेपालटे केले आणि परत ओट्यावर ठेवले.

मी हौसेने छोटी सर्किटं करतो. पार्ट इथल्या, इंदूरच्या जेल रोडवरून आणतो. बल्ब उघडायची ही पहिलीच वेळ. एक १५ वॉटचा सीएफएल उघडला, तो असा. काचेला अजिबात धरलं नाही. काच आणि टोपी यांच्यामधला पांढरा प्लास्टिकचा डबा दोन तुकड्यांचा असतो आणि मध्ये केसाएवढी फट दिसते. त्या फटीत पातळ स्क्रूड्रायव्हर घालून थोडा पिळला, मग पुढे सरकवून परत पिळला. असं चार-पाच ठिकाणी केल्यावर खटके सुटले. ट्यूबकडून आलेल्या चार बारीक तारा बोर्डाच्या चार पिनांवर नुसत्या गुंडाळलेल्या होत्या, सोल्डर नव्हतं. त्या उलगडल्या की काच वेगळी आणि बोर्ड वेगळा.

रुपयाच्या नाण्याहून थोड्या मोठ्या बोर्डावर एवढं निघालं: चार १एन४००७ डायोड, ४.७ मायक्रोफॅरड ४०० व्होल्टचा एक इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, दोन १३००३ ट्रान्झिस्टर, काचेच्या मण्यासारखा निळसर डीबी३ डायॅक, शर्टाच्या बटणाएवढी फेराइटची काळी रिंग, पिवळी पट्टी गुंडाळलेला फेराइट चोक, आणि चार-पाच फिल्म कपॅसिटर.

प्रश्न असा की १एन४००७ नवा घेतला तर रुपया-दोन रुपयाला मिळतो. मग यातलं खरंच काढून ठेवण्यासारखं काय आहे? आणि जुन्या पार्टवर भरवसा किती ठेवायचा?

जुना_वायरमन | रविवार, रात्री १०.१५

रामबागकर, पार्ट काढायच्या आधी बल्ब का गेला ते बघा. भरवशाचं उत्तर तिथेच मिळतं.

सीएफएलच्या चार तारांच्या दोन जोड्या असतात, प्रत्येक टोकाला एक फिलॅमेंट. बोर्डापासून सोडवल्यावर एकेका जोडीवर मीटर लावा. चांगल्या फिलॅमेंटला काही ओहम दाखवेल. एक जरी जोडी उघडी निघाली तरी ट्यूब गेली, आणि अशा बल्बचा बोर्ड बहुतेक वेळा ठणठणीत असतो, कारण फिलॅमेंट तुटताच सर्किट थांबतं. दोन्ही फिलॅमेंट शाबूत पण काचेची टोकं काळी पडलेली असतील तर ट्यूब म्हातारी झाली होती. ती पेटेना म्हणून बोर्ड तिला ओढत राहिला, त्यात ट्रान्झिस्टर भाजले असतील. तो बोर्ड संशयाने तपासा. जळका वास येत असेल किंवा प्लास्टिक तपकिरी झालं असेल तर त्यातला ट्रान्झिस्टर आणि ट्यूबच्या मधला कपॅसिटर दोन्ही सोडून द्या.

आता ठेवायचं काय. माझा क्रम: दोन्ही फेराइट, फिल्म कपॅसिटर, डीबी३, मग ट्रान्झिस्टर, मग डायोड. इलेक्ट्रोलिटिक शेवटी, खरं तर नाहीच. आपल्याकडे सीएफएल छताच्या होल्डरला उलटा लटकतो. ट्यूबची सगळी उष्णता वर चढते आणि वर बोर्ड असतो. इलेक्ट्रोलिटिकमधला द्रव तिथे वर्षानुवर्षं शिजतो. तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. मीटरवर ४.७ च्या जागी ४.२ दाखवेल आणि तुम्हाला वाटेल चांगला आहे. पण आतला रोध वाढलेला असतो, तो साध्या मीटरवर दिसत नाही. फिल्म कपॅसिटरला हे दुखणं नाही.

दुसरं_सेमिस्टर | सोमवार, सकाळी ७.५०

काका, माळ्यावर वर्षानुवर्षं पडलेल्या बल्बच्या कपॅसिटरमध्ये करंट असेल का? मित्राला एकदा जबरदस्त झटका बसला होता, म्हणून विचारतोय.

जुना_वायरमन | सोमवार, सकाळी ८.३०

माळ्यावर पडून असलेल्यात नाही. झटका बसतो तो बोर्ड मेनवर लावून बघितल्यानंतर. २३० व्होल्ट एसी डायोडमधून गेलं की कपॅसिटर ३२५ व्होल्टपर्यंत भरतो. ट्यूब न पेटता बंद झाली तर तो चार्ज तसाच बसून राहतो. १० किलोओहम २ वॉटच्या रेझिस्टरला दोन रबरी तारा जोडून ठेव. बोर्ड हातात घ्यायच्या आधी तो कपॅसिटरच्या दोन्ही पायांवर दोन-तीन सेकंद धर आणि मग मीटर लावून शून्य आलंय हे बघ. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नकोस. ठिणगीने पायही जळतो आणि डोळ्यात सोल्डर उडू शकतं.

बोर्ड उघडा असताना मेनवर न लावणं सगळ्यात बरं. पार्ट काढायला त्याची गरजच नाही.

तांब्याची_तार | सोमवार, दुपारी २.०५

काचेबद्दल मी लिहिते, कारण माझ्या हातून ती फुटलेली आहे.

सुदामानगरच्या घरी दोन वर्षांपूर्वी स्वयंपाकघरातला सीएफएल उघडत होते. फट सापडेना म्हणून काचेला धरून पिळला आणि वळणापाशी नळी मोडली. आवाज फार झाला नाही. पांढरी पूड ओट्यावर आणि माझ्या बाहीवर पडली. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती आणि शेजारीच पाटावर बसून कणकेचे गोळे करत होती. तिला उचलून बाहेर नेलं, पंखा बंद केला, खिडकी आणि मागचं दार उघडलं आणि पंधरा-वीस मिनिटं कोणालाच आत जाऊ दिलं नाही.

सीएफएलमध्ये पारा काही मिलिग्रॅमच असतो, ताप मोजायच्या जुन्या काचेच्या थर्मामीटरपेक्षा कितीतरी कमी. पण तो वाफ होऊन श्वासात जातो, म्हणून झाडू मारायचा नाही आणि व्हॅक्यूम क्लीनर तर मुळीच नाही, कारण दोन्हीने तो हवेत पसरतो. मी लग्नपत्रिकेच्या जाड कागदाने तुकडे गोळा केले, बारीक पूड चिकटपट्टीने टिपली, शेवटी ओल्या कागदाने पुसलं आणि हे सगळं लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घालून झाकण घट्ट लावलं. ती कणीक टाकून दिली. दुपट्टाही टाकला.

आता मी काच आधी जुन्या मोज्यात घालते आणि मगच खटके सोडते. पायरीवर वर्तमानपत्र अंथरून, घराबाहेर. आणि ज्याची काच आधीच तडकलेली आहे तो बल्ब उघडतच नाही. त्यातून निघणाऱ्या चार डायोडसाठी तो धोका घेण्यासारखा नाही.

राहिला काचेचा प्रश्न. आपल्या कचरागाडीला ओल्या-सुक्याशिवाय ई-कचऱ्याचा आणि घरगुती घातक कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो. इंदूरने २०१७ पासून स्वच्छतेत जे नाव कमावलंय त्यात या कप्प्यांचा मोठा वाटा आहे. ट्यूब त्यात द्या, शाबूत आणि खोक्यात घालून, आणि गाडीवरच्या माणसाला तोंडाने सांगा की आत पाऱ्याची काच आहे. तो ती हाताने उचलतो हो. सुक्या कचऱ्यात लपवून दिली तर छाटणी करणाऱ्या बायकांच्या हातात फुटते.

रामबागकर | सोमवार, रात्री ८.२०

ताई, फार उपयोगी लिहिलंत. माझ्या १४ पैकी एकाची काच तडकलेली आहे. तो उघडणार नाही, कागदात गुंडाळून बाजूला ठेवला. मोज्याची युक्ती आजच वापरली, पाच बल्ब उघडले. वायरमन काकांनी सांगितल्याप्रमाणे आधी फिलॅमेंट मोजले. पाचपैकी चारांत एक जोडी उघडी निघाली आणि त्या चौघांचेही आठच्या आठ ट्रान्झिस्टर चांगले आहेत.

एलईडीवाल्यांबद्दल कोणी सांगेल का? एक उघडला, सगळे एलईडी मेलेले दिसतात. मीटरच्या डायोड मोडवर एकही पेटत नाही.

बडोदेकर | सोमवार, रात्री ९.०५

थांबा, टाकू नका. ते मेलेले नसावेत!

मीही सुरुवातीला एक अख्खी पिशवी अशीच टाकून दिली होती, त्याचं अजून वाईट वाटतं. मीटरचा डायोड मोड दोन-तीन व्होल्ट देतो. सुट्टा पांढरा एलईडी तेवढ्यात मिणमिणतो. पण घरातल्या ९ वॉटच्या बल्बमध्ये जे पिवळे चौकोन असतात त्यांच्यातल्या बऱ्याच प्रकारांत एकाच चौकोनाच्या पोटात तीन एलईडी एकापुढे एक जोडलेले असतात. त्यांना पेटायलाच ८-९ व्होल्ट लागतात. काहींत सहा असतात, त्यांना १८ च्या आसपास. ९ व्होल्टच्या दोन चौकोनी बॅटऱ्या एकामागे एक जोडा, मध्ये १ किलोओहम घाला आणि एकेका चौकोनाच्या दोन टोकांना टेकवा. नाही पेटला तर तारा उलट्या करून बघा. १८ वाल्यांसाठी तिसरी बॅटरी.

बल्ब बंद पडतो कारण सगळे चौकोन एकाच माळेत असतात आणि त्यातला एक उघडा पडतो. तो ओळखू येतो. मध्यभागी मोहरीच्या दाण्याहून लहान काळा ठिपका दिसेल. बाकीचे आठ-दहा चांगले असतात.

ते काढायला सोल्डरिंग आयर्न चालत नाही. खालची पाटी ॲल्युमिनियमची असते, ती सगळी उष्णता पिऊन टाकते. जुनी इस्त्री दोन विटांच्या मध्ये उलटी ठेवायची, कॉटनवर लावायची आणि पाटी तिच्यावर ठेवायची. मिनिट-दीड मिनिटात सोल्डर चमकायला लागतं, मग चिमट्याने एकेक उचलायचा. पिवळ्या भागाला चिमटा लावू नका, तो मऊ असतो, आतली तार तुटते. कडेने धरा.

१२ व्होल्टवर ३३० ओहम घालून तीन एलईडीवाला एक चौकोन लावला की साधारण १० मिलिॲम्पियर जातात. बल्बमध्ये त्याच्यातून १०० च्या आसपास जात होते. या हिशोबाने तो वर्षानुवर्षं टिकतो आणि त्याला थंड करायला पाटीही लागत नाही. माझ्या देव्हाऱ्यात असे तीन आहेत.

जुना_वायरमन | सोमवार, रात्री ९.३०

बडोदेकरांनी नेमकं सांगितलं. एक जोडतो, आणि हे कळकळीने. हल्ली लोक मेलेला चौकोन सोल्डरने शॉर्ट करून बल्ब परत लावतात. दुरुस्ती म्हणून वाईट नाही, पण बल्बची टोपी काढलेली असताना तो पेटवून बघतात ते फार वाईट. बहुतेक स्वस्त एलईडी बल्बांत मेन आणि एलईडी यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मरची आड नसते. पाटीवरची प्रत्येक टाचणीएवढी जागा म्हणजे थेट लाईन समजा. त्या ड्रायव्हरवर हात लागेल असा कोणताही प्रोजेक्ट चालवू नका, कितीही सोयीचा वाटला तरी. त्यातले सुटे पार्ट घ्या, आख्खा ड्रायव्हर नको.

दुसरं_सेमिस्टर | मंगळवार, रात्री ११.१०

मी दोन गोष्टी केल्या, दोन्ही बिघडल्या. मदत हवी.

एक, सीएफएलची रिंग घेऊन जूल थीफ (उतरलेल्या सेलवरही एलईडी पेटवणारं छोटं सर्किट) केला. भिंतीवरच्या घड्याळातला उतरलेला सेल, १.१ व्होल्ट. रिंगवरच्या जुन्या तारा काढून चोकमधली इनॅमलची तार १०-१० फेरे गुंडाळली, १ किलोओहम, पांढरा एलईडी, ट्रान्झिस्टर त्याच बल्बमधला १३००१. अगदी अंधारात बघितलं तरी एलईडी पेटत नाहीच.

दोन, ५ व्होल्टवरून १२ करायचं बूस्ट सर्किट. त्यात सीएफएलचा १एन४००७ लावला. डायोड एवढा तापतो की बोट ठेववत नाही आणि व्होल्टेज ९ च्या पुढे जात नाही.

जुना_वायरमन | बुधवार, सकाळी ८.१५

दोन्ही ठिकाणी पार्ट चांगला आहे, जागा चुकली आहे.

१३००१ हा ४०० व्होल्ट सोसायला बनवलेला ट्रान्झिस्टर. त्या बदल्यात त्याची वाढवायची ताकद कमी, १० ते ४० च्या दरम्यान. तुझ्या सेलमध्ये १.१ व्होल्ट, त्यातले ०.७ बेसलाच गेले. उरलेल्या ०.४ वर १ किलोओहममधून अर्धा मिलिॲम्पियरही जात नाही. त्याला १० ने गुणलं तरी हाती काय लागणार? बीसी५४७ लाव, त्याची ताकद ११० च्या वर असते. नाहीतर रेझिस्टर २२० ओहमचा कर. त्याआधी हे बघ की दोन वेटोळ्यांपैकी एकाचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीला जोडलाय ना. दोन्ही सुरुवाती एकत्र केल्या असतील तर बीसी५४७ नेही पेटणार नाही.

आणि १३००१ चे पाय कंपनीप्रमाणे बदलतात. डाव्या बाजूला एमिटर की बेस हे बोर्ड बघून ठरवू नकोस, प्रत्येकाचे पाय मीटर लावून शोध. सापडलं की कागदाची चिठ्ठी पायाला अडकव.

डायोडचं असं. १एन४००७ एक हजार व्होल्ट अडवतो, पण बंद व्हायला वेळ घेतो. घरातल्या ५० हर्ट्झला ते चालतं. तुझं बूस्ट सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतं, तेवढ्यात हा बंदच होत नाही. उलटा प्रवाह वाहतो आणि तो तापतो. तिथे १एन५८१९ शॉट्की हवा.

बडोदेकर | बुधवार, सकाळी ९.००

आणि जलद डायोड बल्बमध्येच आहे. एलईडी बल्बच्या ड्रायव्हरवर काळ्या कॉइलच्या शेजारी एक चपटा चौकोनी डायोड असतो, त्यावर बहुतेक ईएस१जे लिहिलेलं असतं. ६०० व्होल्ट, १ ॲम्पियर आणि चांगलाच वेगवान. तो काढून बघ.

दुसरं_सेमिस्टर | बुधवार, रात्री १०.४५

ईएस१जे लावला. ११.८ व्होल्ट आले आणि डायोड कोमट आहे फक्त! जूल थीफ पण पेटला. चूक माझीच होती, दोन्ही सुरुवाती एकत्र जोडल्या होत्या. बीसी५४७ वर एवढा उजेड आहे की वहीतलं वाचता येतं.

आता विचार आहे की बूस्टमध्ये पण हीच रिंग वापरावी का?

जुना_वायरमन | गुरुवार, सकाळी ७.४०

नको. ती रिंग अखंड आहे, कुठे फट नाही. थोड्याशा डीसी प्रवाहाने ती भरून जाते आणि मग कॉइल म्हणून तिचा उपयोग राहत नाही. सीएफएलमध्ये तिचं कामच ते होतं, भरून जाऊन ट्रान्झिस्टर पालटायचं. बूस्टला पिवळ्या पट्टीचा चोक घे. त्याच्या दोन तुकड्यांमध्ये कागदाएवढी फट मुद्दाम ठेवलेली असते, म्हणून तो डीसी सोसतो. सोडवायचा असेल तर पाच-दहा मिनिटं उकळत्या पाण्यात ठेव, वॉर्निश मऊ होतं. जोर लावलास तर फेराइट बिस्किटासारखं तुटेल. मधला कागद जपून ठेव आणि परत तसाच घाल. तार जाड आणि फेरे कमी करून नव्याने गुंडाळ.

ग्वाल्हेरकरीण | गुरुवार, दुपारी ३.३०

रामबागकर, पिवळ्या तीन बल्बांबद्दल कोणीच बोललं नाही. ते टाकू नका हो.

तुमच्या बाबांनी ते सीएफएल आल्यावर काढून ठेवले असतील, म्हणजे चालू असण्याची शक्यता आहे. मीटर लावा. १०० वॉटचा बल्ब थंड असताना ४० ओहमच्या आसपास दाखवेल. पेटल्यावर त्याचाच रोध ५२९ होतो, टंगस्टनचा तो गुणच आहे. म्हणून दुरुस्त केलेली कोणतीही मेनवरची वस्तू पहिल्यांदा लावताना हा बल्ब तिच्या वाटेत, सीरिजमध्ये घालतात. वस्तू शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो, फ्यूज उडत नाही, काही जळत नाही. वस्तू चांगली असेल तर बल्ब क्षणभर चमकून मंद होतो. एलईडी बल्ब हे काम करू शकत नाही आणि पिवळे बल्ब दुकानात दिवसेंदिवस कमी दिसतात. आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घरी सासऱ्यांनी लाकडी फळीवर होल्डर आणि सॉकेट ठोकून केलेला असा बोर्ड आहे. मी अजून तोच वापरते.

रामबागकर | रविवार, दुपारी १.१५

आठवडा झाला, हिशोब देतो.

१३ सीएफएल उघडले. नऊ ट्यूबमुळे गेलेले होते, चार बोर्डामुळे. २६ ट्रान्झिस्टरपैकी १९ चांगले. ५२ डायोडपैकी ५० चांगले. रिंगा १२, एक माझ्या हातून तुटली. डीबी३ ११ निघाले. ते मीटरवर तपासता येत नाहीत, दोन्हीकडून उघडेच दाखवतात, कारण ३२ व्होल्टच्या आसपास गेल्याशिवाय ते वाहत नाहीत. म्हणून बॅटऱ्यांचीच युक्ती केली, पाच ९ व्होल्टच्या एकामागे एक आणि मध्ये १० किलोओहम. दहा चालू निघाले. इलेक्ट्रोलिटिक सगळे बाजूला काढले. पिवळ्या तिघांपैकी दोन चालू आहेत, १०० आणि ६० वॉटचा. सीरिज बोर्ड काल संध्याकाळी केला.

त्याच्यावर पहिल्यांदा लावला तो आईच्या खोलीतला पंख्याचा जुना रेग्युलेटर. दोन महिने पंखा थेट जोडलेला होता, पूर्ण वेगावर, आणि ती रात्री पांघरूण घेऊन झोपत होती. मेन स्विच बंद करून उघडला. ट्रायॅक चांगला, डायॅक गेलेला. तोच डीबी३! बाबांच्या डब्यातला एक लावला. आता पंखा दोनवर फिरतो आहे.

काचेच्या नळ्या बाबांच्या त्याच डब्यात मोज्यांसकट ठेवल्या आहेत, उद्या सकाळच्या गाडीला देईन. डीबी३ नऊ शिल्लक आहेत. कोणाचा रेग्युलेटर अडला असेल तर इथे लिहा, पाकिटात घालून पाठवतो.